देवाच्या पेटीतलं कार्ड

आधी कामाचं सांगते, कारण ज्या घरात अपघात झालाय त्या घरात वाचायला वेळ नसतो. मागच्यापुढच्या गाडीत कॅमेरा होता का, हे पहिल्याच दिवशी विचारा. असला तर त्यातलं कार्ड त्याच दिवशी बाहेर काढायला लावा. हे कॅमेरे जुन्यावर नवं चढवत जातात. गाडी थोडे दिवस फिरली की तुमचा अपघात पुसला जातो आणि त्याच्या जागी कुठल्यातरी टपरीसमोर उभा असलेला टेम्पो येतो. कार्डातलं काही कापू नका, सजवू नका. पोलिसांना दिलंत तर पोच घ्या. एवढं कळलं तरी पुरे. पुढचं नाही वाचलंत तरी चालेल.

पुढचं मी राग आहे म्हणून लिहिते आहे.

चष्मा

मी ज्योती, वय सव्वीस. कापड्याच्या पुढे डोंगराच्या अंगाला आमची वाडी आहे. महाडला झेरॉक्सच्या दुकानात काम करते आणि उरलेल्या वेळात आमच्या रस्ता समितीची पत्रकं लिहिते. खचलेल्या कडा, अर्धवट मोऱ्या, खडीचे डंपर. 'प्रशासन झोपले आहे काय?' ही ओळ पोलादपूरच्या एखाद्या भिंतीवर वाचली असेल तर ती माझी. रस्त्यावर पत्रकं काढणारी रस्त्यावरच आडवी झाली, हा विनोद मला हॉस्पिटलात प्रत्येक भेटायला येणाऱ्याने ऐकवला. तुमचंही हसून झालं असेल तर पुढे जाऊ.

कार्तिक चालू होता, भात झोडून झालं होतं. माझ्या वडिलांना, आबांना, नवा चष्मा करायचा होता म्हणून स्कूटरवर मागे बसवून त्यांना महाडला नेलं. आबा प्रत्येक वळणावर "हळू गो" म्हणतात. मी हळूच चालवते, तरी म्हणतात. माझ्या गाडी चालवण्यावर त्यांचा विश्वास नाही, पत्रकांवर तर त्याहून नाही. "लोकांच्या भिंती घाण करतेस," एवढंच त्यांचं त्यावरचं मत.

येताना कापड्याच्या रस्त्याला लागलो. वाडीच्या अलीकडच्या वळणावर रस्त्याची एक कड खचलेली आहे. ती चुकवायला वरून खडी घेऊन येणारा डंपर आमच्या बाजूला आला. थोडासा नाही, पूर्ण आमच्या बाजूला. डावीकडे जेवढं जाता येईल तेवढी मी गेले. त्याच्यापुढे चर होता. डंपरच्या बंपरला टांगलेली लिंबू-मिरची मला आठवते. पुढचं नाही आठवत.

आमच्या मागून महेशदादा येत होता. हा आमच्या भावकीतला, डोंबिवलीला नोकरीला. आपला हायवे काय लायकीचा आहे हे माहीत असल्यामुळे त्याने गाडीच्या काचेला कॅमेरा चिकटवून घेतला होता. त्यानेच आम्हा दोघांना उचलून आपल्या गाडीत घातलं आणि महाडपर्यंत आणलं. रक्ताने सीट खराब झाली, त्याबद्दल तो एका शब्दाने बोलला नाही. हे त्याचे उपकार. पुढे त्याच्याबद्दल मी जे लिहिणार आहे ते हे उपकार लक्षात ठेवूनच वाचा.

दोन वॉर्ड

डॉक्टर माझ्याच वयाचे होते. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि मला दाखवला. नडगीची दोन्ही हाडं मोडली होती आणि एक टोक भलतीकडेच बघत होतं.

"रॉड घालायला लागेल," ते म्हणाले.

"चालेन ना मी?"

"चालाल."

"कधी?"

"ते आत्ता विचारू नका."

मी पत्रकात उत्तरं न देणाऱ्या साहेबांना फार झोडपलं आहे. पण या माणसाचा मला राग आला नाही. त्याला माहीत नव्हतं आणि तो तसं दाखवत होता. आमच्या तालुक्यात एवढंसुद्धा मोठं आहे.

आबांचं खांद्याचं हाड मोडलं होतं आणि डोक्याला मार होता. ते पुरुषांच्या वॉर्डात, मी बायकांच्या. मधे एक लांबलचक व्हरांडा. पहिल्या दिवशी ते दर थोड्या वेळाने आईला विचारत होते, "चष्मा घेतला काय?" आईने हो म्हटलं की गप्प बसायचे आणि परत विचारायचे. दुसऱ्या दिवशी भानावर आले. पण अपघाताचा सगळा दिवस त्यांच्या डोक्यातून गेला होता. सकाळची भाकरी नाही, महाड नाही, डंपर नाही. डॉक्टरांनी आईला सांगितलं, तेवढं बहुतेक कधीच परत येणार नाही.

हे वाक्य तेव्हा मला फार मोठं वाटलं नाही. एक दिवस गेला तर गेला. पण रिकामी जागा कुणीतरी भरतंच. आबांचा तो दिवस लोकांनी येऊन भरला.

वॉर्डाचं रोजचं सांगते. पहाटे फिनेलचा वास, मग लादी पुसणाऱ्या बाईंचा आवाज, "पाय वर!" मी म्हणायचे, "एकच आहे वर घेण्यासारखा." पायाला वजन बांधून तो खाटेच्या पट्टीवरून लोंबकळत ठेवला होता. भांडं मागायची लाज तिसऱ्या दिवशी संपते. खाज संपत नाही. शेजारच्या खाटेवर शिवथरच्या सखूबाई होत्या. गवत कापताना दरडीवरून घसरल्या, मनगट मोडलं आणि कमरेला मार बसला. त्या चांगल्या हाताने रोज माझी वेणी घालायच्या. एका हाताने वेणी घातलेली तुम्ही बघितली आहे का? दोरखंडासारखी दिसते. तशा वेणीत मी अठरा दिवस काढले आणि त्या बाईचं नाव घेतलं की आजही माझा आवाज खाली येतो.

आई दोन वॉर्डांत ये-जा करायची. निरोपही तीच आणायची, आणि वाटेत त्यातलं काय गाळायचं ते गाळायची.

"आबा काय म्हणाले?"

"काय नाय. पेज खाल्ली."

"माझ्याबद्दल विचारलं?"

"तू खा बघू आधी."

ती गेल्यावर सखूबाई म्हणाल्या, "तुझ्या आईला खोटं बोलता येत नाय गो. डबा उघडताना हात बघ तिचा."

चौथ्या दिवशी हवालदार आले तेव्हा कळलं. माझ्यावर गुन्हा दाखल झाला होता. मी निष्काळजीपणे, मोबाईलवर बोलत, चुकीच्या बाजूने स्कूटर चालवली आणि स्वतःच्या व वडिलांच्या दुखापतीला कारण झाले. डंपरच्या ड्रायव्हरने तसं लिहून दिलं होतं. पंचनाम्यात डंपर त्याच्या स्वतःच्या बाजूला उभा होता.

"तो माझ्या बाजूला होता," मी म्हटलं.

"पंचांच्या सह्या हायेत, ताई. तुमच्याच गावचे पंच."

डंपर होता बाळारामकाकांचा. ते आबांचे चुलतभाऊ आणि आमच्या गावकीचे अध्यक्ष. अपघातानंतर ते रोज हॉस्पिटलात यायचे आणि आबांच्या उशाशी बसायचे. माझ्याकडे एकदाही आले नाहीत. आबांना आठवत नव्हतं, म्हणून आबा विचारत होते, आणि काका सांगत होते.

आता एक गोष्ट कबूल करते, कारण नाही केली तर हे लिहिणं खोटं होईल. त्याआधी कितीतरी वेळा मी एका हाताने फोन कानाला धरून स्कूटर चालवली आहे. आबांनी मला त्याबद्दल शिव्या दिल्या आहेत. त्या दिवशी फोन पर्समध्ये होता आणि पर्स डिकीत. पण आबांना काकांचं म्हणणं पटायला माझ्याच सवयीने मदत केली. खोटं असंच चालतं. ते आपल्या एखाद्या खऱ्या खोडीवर पाय देऊन उभं राहतं.

पट्टी

महेशदादाने मला फोनवर वीस-बावीस सेकंदांचा तुकडा पाठवला. वळण, खचलेली कड, डंपर, आमची स्कूटर चराच्या काठाला, धडक. खाली बारीक अक्षरांत तारीख, वेळ आणि त्याच्या गाडीचा वेग. कार्ड त्याने त्याच संध्याकाळी काढून ठेवलं होतं. शहाणा माणूस. पुढचा मूर्खपणा माझा.

मला पत्रकाची सवय. पत्रकाला मथळा लागतो, बाण लागतो, आणि खाली जाड पट्टी लागते. खाटेवर पडल्या पडल्या मी त्या तुकड्यात डंपरवर लाल बाण काढला. खाली लाल पट्टी टाकली : 'हा अपघात नाही, हा हल्ला आहे!' ती पट्टी नेमकी तारीख आणि वेळेवर बसली. आवाजात नुसतं गाडीतलं गाणं, धडाका आणि खरखर होती, म्हणून तो काढून ढोल घातला. जतन केलं. जुन्या तुकड्यावरच जतन झालं, ते नंतर कळलं. मग सगळ्या ग्रुपवर सोडलं. डंपरचा नंबर आणि मालकाचं नाव, सगळं त्यात होतं. गावच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवरसुद्धा.

दुपारपर्यंत मी जिंकले होते. शंभर जणांनी मुठी आवळलेल्या पाठवल्या.

दुसऱ्या दिवशी हवालदारांना दाखवलं. त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून पूर्ण बघितलं आणि म्हणाले, "याला पुरावा नाय म्हणत, ताई. याला स्टेटस म्हणतात. तारीख कुठाय? आवाज कुठाय? मूळ कार्ड आणा."

मी महेशदादाचा मूळ निरोप उघडायला गेले. तिथे लिहिलं होतं, हा संदेश काढून टाकला आहे. गावाकडून त्याला फोन गेला होता.

आबांना दाखवायला मी आईकडे फोन दिला. मला वाटलं, निदान ते तरी बघतील. त्यांनी बघितलं, शेवटपर्यंत. मग आईला विचारलं, "अपघातात ढोल वाजत होता काय?"

आईने हे मात्र न गाळता सांगितलं. थकली होती बिचारी. आबा पुढे म्हणाले होते, "तिला काय पण बनवता येतं. भिंतीवर बनवते, तसं फोनवर बनवलंन."

पेटी

आमच्या वाडीत एक रीत आहे. दोघांचा तंटा लागला आणि एखादी वस्तू वादात असली, कागद, दागिना, शेताच्या बांधावरची खूण, तर ती गावकी ताब्यात घेते आणि देवाच्या पेटीत ठेवते. पेटी म्हणजे पालखीचे चांदीचे मुखवटे ठेवायची लाकडी पेटी. ती वर्षातून एकदा, शिमग्याला, मुखवटे काढताना उघडते. दोन कुलपं, दोन चाव्या. एक गुरवाकडे, दुसरी गावकीच्या अध्यक्षाकडे. म्हणजे बाळारामकाकांकडे.

गावातलं गावात मिटलं पाहिजे, पोरीने बदनामी केली, म्हणून आता ते कार्ड देवापुढे ठेवा, असं गावकीत ठरलं. महेशदादा रविवारी येऊन ते देऊन गेला. नखाएवढं कार्ड लाल फडक्यात बांधून, नारळ ठेवून पेटीत गेलं. त्याआधी काका व्हरांड्यात येऊन आईला विचारून गेले होते, वहिनी, मान्य आहे ना?

"आणि तू हो म्हणालीस?"

"देवापुढं हाय ते. कोण हात लावंल?"

"चावी त्यांच्याकडेच आहे, आई!"

"एक. दुसरी गुरवाकडं हाय."

"तो काकांचाच माणूस."

आई डब्याचं झाकण लावत म्हणाली, "ज्योते, तू पत्रक चिकटवतेस आणि महाडला जातेस. पाण्याला मी जाते. तिथं सगळ्या उभ्या असतात."

सखूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. 

मी पोलिसांना फोन केला. कार्ड कुठे आहे ते सांगितलं, जाऊन ताब्यात घ्या म्हटलं. पलीकडून उत्तर आलं, "शिमग्याआधी देवाची पेटी उघडायची? गावात दंगल करायचीय काय तुम्हाला?"

ऑपरेशनच्या दिवशी पाठीत इंजेक्शन दिलं आणि कमरेखालची मी नाहीशी झाले. मधे हिरवा पडदा. पलीकडे सुतारकामाचा आवाज येत होता आणि ते लाकूड मीच होते. भीती वाटली, खूप वाटली. पण मरायची नाही. मी मेले तर आबा उरलेला जन्म सगळ्यांना सांगत फिरतील की माझी पोरगी फोनवर बोलताना गेली, स्वतः गेली आणि मलाही पाडलंन. आणि त्यांना ते खरंच वाटत असेल. एका मास्कवाल्या सिस्टरने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि विचारलं, "दुखतंय?" मी हो म्हटलं. तिने हात काढला नाही. नाव कळलं नाही तिचं.

वॉकर

घरी आलो. दोन खोल्या, दोन आजारी माणसं आणि त्यांच्यामध्ये एक आई. आबांचा हात गळ्यात, माझा पाय उशीवर. मी वॉकर घेऊन चुलीपासून ओटीपर्यंत दहा पावलं टाकायची, हा व्यायाम. पहिल्या दिवशी चार टाकली आणि ओकले. आबा ओटीवर बसले होते. ते उठले, मला जागा झाली, आणि अंगणात निघून गेले.

बोलणं बंद नव्हतं. बंद असतं तर बरं झालं असतं. "पाणी दे तिला." "औषध घेतलंन काय विचार." मी समोर बसलेली असताना. एकदाच, पौषात, त्यांनी सरळ मला विचारलं.

"कुणाचा फोन होता तवा?"

"कुणाचा नव्हता, आबा."

"बरं."

तुम्हाला कुणी खोटारडी म्हटलं तर तुम्ही भांडू शकता. 'बरं' म्हटल्यावर काय करणार?

काका आठवड्यातून एकदा यायचे. आबा आणि ते ओटीवर बसून शेताचं बोलायचे. आई चहा करायची. मी आत वॉकर धरून उभी राहायचे, बसले की उठायला त्रास होतो म्हणून, आणि त्यांचं हसणं ऐकायचे. समितीतली पोरं सुरुवातीला यायची. मग नवीन खड्डे झाले.

माझ्यासारख्यांना सांगते. हाड जुळतं. हाड हा शरीरातला सगळ्यात प्रामाणिक भाग आहे. त्याला वेळ द्या, दूध द्या, रोज दहा पावलं द्या, ते आपलं काम करतं. बाकीच्यांची हमी देऊ नका.

शिमगा

शिमग्याला मुंबईकर आले. महेशदादाही आला. मुखवटे काढायला पेटी उघडली आणि गावकी देवळाच्या मंडपात बसली. आमच्याकडे गावकीत बायका बसत नाहीत. त्या बाहेर, मंडपाच्या कठड्याशी. हा अन्याय आहे आणि त्यावर माझं पत्रक तयार आहे. पण त्या दिवशी मी गप्प कठड्याशी गेले. कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची दिली. मला आत काही दिसत नव्हतं. फक्त ऐकू येत होतं.

लाल फडकं सोडलं. महेशदादाने कार्ड लॅपटॉपला लावलं. काका म्हणाले, "लाव. एकदा बघू आणि मिटवू."

मी सगळ्यांना दाखवला होता तो वीस सेकंदांचा तुकडा, आणि त्यात ढोल होता. इथे सगळं होतं, आवाजासकट. आधी गाडीतलं गाणं. मग धडाका. मग महेशदादाचं "आयला!" दार उघडल्याचा आवाज, आणि कितीतरी वेळ नुसतं गाणं. मग धावपळ, दारं, कुणीतरी कण्हतंय. ती मी होते. मला त्यातलं काही ठाऊक नाही, मी शुद्धीत नव्हते.

मग महेशदादा फोनवर : "काका, महेश बोलतोय. आपला डंपर... हां, राँग साईडला आला तो... आबा हाय काका, आपला आबा, नि ज्योती... बरं. बरं काका. सांगतो त्याला, बाजूला घेऊ दे."

मंडपात कुणीतरी खाकरलं. महेशदादा म्हणाला, "पुढं तसं काय नाय, बंद करू?"

"राहू दे," आबा म्हणाले.

लॅपटॉपमधून अजून एक आवाज आला. मागच्या सीटवरून, सावकाश, पण स्पष्ट. "म्हेशा, पोरीकडं बघ आधी. पोरीची चूक नाय. गाडी पार चरात नेलीन रे तिनं. तो आला अंगावर."

माझ्या शेजारच्या बाईने माझा दंड घट्ट धरला. आत माझे वडील बसले होते आणि चार महिन्यांपूर्वीचे माझे वडील त्यांना सांगत होते.

"परत लाव," आबा म्हणाले.

परत लावलं. आबा म्हणाले, "परत." तिसऱ्यांदा वाजलं. महेशदादाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याने आम्हाला उचललं, आमचं रक्त पुसलं, आणि हे पोटात ठेवलं. दोन्ही करणारा माणूस एकच आहे. मला अजून त्याच्यावर धड चिडता येत नाही आणि धड आभारही मानता येत नाहीत.

शेवटी एक म्हातारे म्हणाले, "झालं ते झालं. बाळाराम औषधपाण्याचं बघंल. ज्योतीनं सगळ्यांपुढं माफी मागावी त्या व्हिडिओची. कार्ड देवाकडं राहू दे. भावाभावांत पोलीस नकोत."

आबा उभे राहिले तेव्हा मला कठड्यावरून दिसले. खांदा अजून वर जात नव्हता. त्यांनी डाव्या हाताने लॅपटॉपमधून कार्ड ओढलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

गुरव म्हणाला, "आबा, देवाचं हाय ते आता."

"देवानं ऐकलं ना? मग आता साहेब ऐकंल."

काका म्हणाले, "आबा, अरे मी रोज तुझ्या उशाशी होतो."

"व्हय," आबा म्हणाले. "तेच आठवतंय मला."

जबाब

घरी येताना आबा माझ्या वॉकरच्या चालीने चालले. ओटीवर बसल्यावर म्हणाले, "तू मला का नाय सांगितलंस?"

"सांगितलं होतं, आबा. दाखवलं होतं."

"ढोल लावलेलं दाखवलंस."

मी वॉकर भिंतीला टेकवला. माफी त्यांनी मागितली नाही. मीही मागितली नाही. आईने दोघांपुढे ताटं ठेवली.

दुसऱ्या दिवशी कार्ड पोलिसांना दिलं आणि पोच घेतली. पोच देत नव्हते. मी वॉकर दारात आडवा लावून खुर्चीवर बसले, मग दिली. कार्डासोबत एक दाखला लागतो : कॅमेरा कुणाचा, कार्ड कुणी काढलं, त्यात फेरफार केलेला नाही. त्यावर महेशदादाची सही हवी होती. त्याने ती मुंबईहून टपालाने पाठवली. स्वतः आला नाही.

आता एक लिहिताना हात जड होतो, तरी लिहिते. पेटीतल्या कार्डाला कुणी हात लावला नाही. चावी काकांकडे होती, चार महिने होती, आणि त्यांनी पेटी उघडली नाही. तो माणूस पोलिसांना भ्याला नाही, मला भ्याला नाही, भावाला फसवताना भ्याला नाही. देवाला भ्याला. आई बरोबर होती. कार्ड माझ्याकडे असतं तर मी त्याला पट्टी लावली असती.

डंपरवाल्यावर गुन्हा दाखल झाला. माझ्यावरचा अजून 'तपासात' आहे. आम्हाला वाळीत टाकलं असं कुणी म्हणत नाही. वाळीत टाकणं हा गुन्हा आहे आणि आमची गावकी कायदा जाणते. फक्त आवणाला, भाताच्या लावणीला, यंदा कुणी आलं नाही. आईशी पाण्यावर कुणी बोलत नाही. एका खांद्याचा बाप आणि लंगडी पोरगी मिळून जेवढं लावता आलं तेवढं भात लावलं. आजारातून उठल्यावर जग पुन्हा जागेवर येतं असं ज्यांनी लिहिलंय त्यांनी आमच्या वाडीत येऊन बघावं.

पण आबांच्या जबाबाचं सांगून थांबते. हवालदारांनी त्यांना समोर बसवलं, कागद ओढला आणि विचारलं, "तुम्हाला अपघाताचं काय आठवतं?"

आबांनी नवा चष्मा काढून मांडीवर ठेवला. "काय पण नाय," ते म्हणाले. "पोरगी सांगते तसं लिवा."

हवालदारांनी पहिलं वाक्य लिहून घेतलं : 'मला सदर अपघाताबाबत काही एक आठवत नाही.' दुसरं लिहिलं नाही. म्हणाले, असं जबाबात घेता येत नाही.

म्हणून ते इथे लिहिलं.